दुष्काळातली दावण

दुष्काळ जाहीर करायला सरकारला कागद लागतात. पूर्वी पैसेवारी पाहिली जायची. आता पावसाची तूट, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहातून दिसणारी हिरवाई यांचा हिशेब मांडतात. नगर जिल्ह्यातल्या कर्जत, जामखेड, पाथर्डीकडच्या गोठ्यात मात्र हा निर्णय दिवाळीच्या आसपासच होऊन गेलेला असतो. परतीचा पाऊस हुकला, रब्बीची पेर झाली नाही, म्हणजे फाल्गुनात नवा कडबा येणार नाही. मग मागच्या वर्षीच्या गंजीपुढे उभं राहून मोजणी सुरू होते. एका मोठ्या जनावराला दिवसाला पाच पेंढ्या धरल्या तर महिन्याला दीडशे. दिवाळी ते मृग सात महिने, म्हणजे एका जनावराला हजारावर पेंढ्या. दावणीला सहा जनावरं असतील आणि गंजीत तीन हजार पेंढ्या असतील, तर निम्म्या दावणीचं काय करायचं हा प्रश्न त्याच दिवशी घरात येतो. विहिरीला तेव्हा पाणी असतं, टँकर अजून कुणाच्या स्वप्नातही नसतो. चाऱ्याचा दुष्काळ पाण्याच्या दुष्काळाच्या दोन-तीन महिने आधी सुरू होतो, आणि जनावरं वाचणार की नाही हे बहुतेक वेळा त्या दोन-तीन महिन्यांत ठरतं.

नगर जिल्ह्याचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, भूगोलाच्या दृष्टीने एक वेगळेपण आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीला पावसाचा मारा एवढा की तिथली डांगी गुरं तेलकट कातडीमुळेच त्या झोडपण्यात टिकतात. राजूरला या डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. तिथून पूर्वेला आणि दक्षिणेला सरकत गेलं की सह्याद्रीची पर्जन्यछाया सुरू होते, आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डीत वर्षाचा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आगेमागे येऊन थांबतो. मधल्या पट्ट्यात भंडारदरा आणि मुळा धरणांचे कालवे, त्यांच्यावर ऊस, उसावर साखर कारखाने. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी उभा केला तो इथेच. ऊस आणि दुष्काळ एकाच जिल्ह्यात नांदतात, आणि दुष्काळात जनावरांच्या तोंडी काय पडतं ते या शेजारावर ठरतं.

२०१८ साली ३१ ऑक्टोबरला राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात नगरच्या १४ तालुक्यांपैकी ११ होते. म्हातारी माणसं तेव्हा बहात्तरच्या दुष्काळाशी तुलना करायची. बहात्तरला विहिरींत पाणी होतं, दाणा नव्हता. माणसं खडी फोडायला आणि पाझर तलाव खोदायला गेली, सुकडी आणि मिलो खाऊन जगली, आणि त्या अनुभवातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये उलटं झालं. रेशनवर धान्य होतं, पण पाणी आणि वैरण नव्हती. माणूस तगत होता. खरी ओढाताण होती ती जनावरांची.

माझ्या मामांचा गोठा कर्जत तालुक्यात आहे. तीन संकरित गायी, दोन कालवडी, एक बैलजोडी, दारात चार संगमनेरी शेळ्या. दक्षिण नगरमध्ये असे गोठे घरटी आहेत. शेती पावसावर, रोजचा पैसा दुधावर. डेअरीची दहा दिवसांची पगारपट्टी आली की किराणा, शाळेची फी, दवाखाना भागतो. म्हणून दुष्काळात जनावर विकायचं ठरतं तेव्हा ती चर्चा गायीपुरती राहत नाही, सगळ्या घरखर्चाची होते.

२०१८ च्या दुष्काळात मी मदतीला गेलो तेव्हा मामा-मामी गव्हाणीपाशी उभे राहून एकेक जनावर ठरवत होते. मामींचं म्हणणं, गाभण कालवड काहीही झालं तरी ठेवायची. "आवंदा ती खाईल, पण पुढल्या साली घर तीच चालवंल." मामांना बैलजोडीची काळजी. खिल्लार खोंड लहानपणापासून वाढवलेले, पण पेरणीच नाही तर त्यांना काम काय? ट्रॅक्टर गावात होताच. शेवटी ठरलं ते असं: दोन दुभत्या आणि गाभण कालवड ठेवायची, एक भाकड गाय आणि धाकटी कालवड बाजारात न्यायची, बैल शक्यतो ठेवायचे. माझ्या मते मामींचा हिशेब पक्का होता. संकरित कालवड नीट पोसली तर अडीच-तीन वर्षांची होऊन पहिलं वेत देते. ती विकली तर घरात पुन्हा तेवढीच दुभती गाय उभी करायला अडीच-तीन वर्षं घालवावी लागतात, किंवा लोणीच्या बाजारात जाऊन ती आणायला कर्ज काढावं लागतं.

बाजाराचं गणित मात्र शेतकऱ्याच्या उलट्या बाजूने चालतं. घोडेगाव, काष्टी, वाळकी हे इथले मोठे जनावरांचे बाजार. दुष्काळात सगळे एकाच वेळी विकायला येतात, भाव पडतात. पाऊस झाला की सगळे एकाच वेळी घ्यायला येतात, भाव चढतात. जनावर विकून जे हाती आलं त्यात पुढच्या वर्षी तसंच जनावर येत नाही. भाकड आणि म्हाताऱ्या जनावरांचा प्रश्न आणखी अवघड. मार्च २०१५ पासून राज्यात गायीप्रमाणेच बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्या कायद्याबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत. पण गोठ्यातून पाहिलं तर म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि त्याचा चारा मालकाच्याच डोक्यावर राहिला. तो खर्च कोण उचलणार याची सोय कायद्याबरोबर व्हायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

कळप एकदा घटला की भरून यायला वेळ लागतो, आणि हे छोट्या गोठ्यापुरतं खरं नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये २०११ साली भीषण दुष्काळ पडला. हजारो एकरांच्या कुरणांवर गुरं पाळणाऱ्यांनीही माद्या विकल्या, कारण गवत नव्हतं आणि बाहेरून आणलेला चारा परवडत नव्हता. २०१४ सुरू झालं तेव्हा त्या देशातल्या गुरांची संख्या १९५१ नंतरची सगळ्यांत कमी होती. तिथल्या गुरेवाल्यांनी जुन्या दुष्काळांत फड्या निवडुंगाचे काटे ज्योतीने जाळून ती पानं जनावरांना चारली आहेत. आपल्याकडे उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने बिनकाट्याच्या निवडुंगावर वैरण म्हणून काम केलं आहे. पाणी भरपूर आणि पोषण बेताचं असलं तरी कोरड्या कडब्याबरोबर ते जनावराला आधार देतं.

आता गव्हाणीत पडतं काय, आणि त्यातून जनावराला मिळतं काय, ते बघू. चारशे किलोच्या गायीला रोज तिच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा घास लागतो, म्हणजे दहा-बारा किलो. कोरडा म्हणजे पाणी वजा करून. हिरव्या चाऱ्यात बहुतांश पाणीच असतं. दुष्काळात नगर जिल्ह्यात सगळ्यांत सहज मिळणारा चारा म्हणजे उसाचे वाढे. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की तोडणी मजुरांना उसाबरोबर वाढे मिळतात. स्वतःच्या बैलांना घालून उरलेल्या मोळ्या ते विकतात. यातले पुष्कळ मजूर पाथर्डी, शेवगाव, जामखेडचेच. म्हणजे एका दुष्काळी गावातला माणूस उसाच्या फडात जाऊन दुसऱ्या दुष्काळी गावातल्या गायीचा चारा कापत असतो.

पंधरा किलो वाढे वजनाला बरे दिसतात, पण त्यातलं पाणी काढलं तर उरतो चार किलोंच्या आसपास कोरडा घास. गायीचं निम्मंसुद्धा भागत नाही. त्यातून वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं. ते पोटातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. महिनोन्‌महिने नुसत्या वाढ्यांवर असलेल्या दुभत्या गायीची हाडं झिजतात, व्याल्यावर ती बसली की उठत नाही, दूध घसरतं. म्हणून जाणते गोठेवाले वाढे कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडतात, कडब्यात मिसळून घालतात आणि खनिज मिश्रण चुकवत नाहीत. मोठ्या जनावराला रोज पन्नास ग्रॅम, बस. एवढी वस्तू नसेल तर स्फुरदाच्या कमतरतेने जनावर भिंत चाटतं, चिंध्या चघळतं, माळावरची हाडंही तोंडात घेतं, आणि त्यातून विषबाधा होऊन दगावतं. लोक म्हणतात, "भुकेनं मेलं." ते नुसत्या भुकेने मेलेलं नसतं.

कुट्टीचा मुद्दा मी मुद्दाम लावून धरतो. अख्खी पेंढी गव्हाणीत टाकली तर जनावर पानं ओढतं, धाटं तुडवतं, आणि चांगला तिसरा हिस्सा शेणात जातो. कडबा कुट्टी यंत्रावर बारीक केला तर तीच गंज बरेच दिवस जास्त पुरते. मामांच्या गोठ्यात त्या उन्हाळ्यात मुलांचं काम तेच होतं. पहाटे लाईट असेल त्या तासात कुट्टी करायची, पाटीत भरून ठेवायची, भुशावर गुळाचं पाणी शिंपडायचं म्हणजे जनावर तोंड लावतं. गव्हाचा भुसा आणि पाचट युरियाने सुधारण्याची पद्धतही घरच्या घरी जमते. शंभर किलो भुशाला ४ किलो युरिया पन्नासेक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबायचा, कागदाने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचा. मग वास उडू देऊन मोठ्या जनावरांना हळूहळू सवय लावत घालायचा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना तो द्यायचा नाही, आणि युरियाचं पाणी बादलीत उघडं ठेवून गोठ्यातून हलायचं नाही. तहानलेल्या गायीने ते प्यायलं तर तासाभरात खेळ संपतो.

पाण्याचं ओझं घरातल्या बायकांच्या वाट्याला येतं. मे महिन्यात दूध देणारी संकरित गाय दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर पाणी सहज पिते. पारा पंचवीस-सत्तावीसच्या वर गेला की होल्स्टिन रक्ताची गाय धापा टाकू लागते, चारा कमी खाते, दूध उतरतं. नगरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर या तिन्हींचं रक्त एकत्र आणून फुले त्रिवेणी गाय तयार केली, त्यात गीरचा वाटा ठेवला तो इथलं ऊन सोसावं म्हणूनही. पण बहुतेक गोठ्यांत दुधाच्या ओढीने होल्स्टिनचं प्रमाण वाढतच गेलं. एका गायीला सत्तर लिटर म्हणजे पाच-सहा हंडे, आणि घरात गायी तीन. टँकर येतो तो माणसांसाठी. गोठ्याचं पाणी कुठून आणायचं ते मामी आणि त्यांच्या सुनेलाच ठाऊक.

मार्च-एप्रिलमध्ये कारखाने बंद होतात. वाढे बंद. दुष्काळ नेमका तेव्हा ऐन भरात असतो. इथून पुढे उभा ऊसच चारा म्हणून तुटतो, आणि इथेच चारा छावणीची गरज पडते. २०१९ च्या जानेवारीत शासनाने छावण्यांचा निर्णय घेतला. मोठ्या जनावरामागे दिवसाला ७० रुपये आणि लहानामागे ३५ रुपये असं अनुदान ठरलं. चाऱ्याचे भाव वाढत गेले तसं ते ९० आणि ४५, पुढे १०० आणि ५० रुपयांवर गेलं. चाऱ्याचं माप आधी १५ किलो होतं, मेमध्ये १८ किलो झालं, शिवाय दिवसाआड पेंड. त्या मे महिन्यात राज्यात दीड हजारांच्या आसपास छावण्या आणि त्यांत दहा लाखांच्या घरात जनावरं होती. त्यांतल्या सगळ्यांत जास्त छावण्या बीड आणि नगर या दोन जिल्ह्यांत.

छावणी म्हणजे माळावर वसलेलं एक गावच. सेवा सोसायट्या, ट्रस्ट, कारखाने, दूध संस्था त्या चालवतात. खुंट्यांच्या रांगा, वर पाचटाचा किंवा शेडनेटचा मांडव, मध्ये पाण्याचा हौद. सकाळी हजेरी: प्रत्येक जनावराच्या कानातला बिल्ला पाहून नोंद. मग उसाचा ट्रक येतो, वजन होतं, मोळ्या खुंट्याखुंट्यांवर वाटतात. कुणी विळ्याने ऊस तासतो, कुणी यंत्राच्या रांगेत उभा राहतो. सुरुवातीला एका शेतकऱ्याची पाचच जनावरं घ्यायची मर्यादा होती. सहावं जनावर कुठे ठेवायचं, हा प्रश्न घराघरात होता. म्हणून कुटुंबं फुटली. आजोबा छावणीत, नातू शाळेसाठी गावात, सून दोन्हीकडे भाकरी पोचवणारी. कित्येक ठिकाणी बायकाच चार-पाच महिने छावणीत साड्यांच्या आडोशाने राहिल्या, कारण गडीमाणसं कामाला बाहेर पडली होती. रात्री विंचू-काट्याची भीती, न्हाणीघर नाही, आणि पहाटे धार काढायची. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चालवलेल्या छावणीचं नाव झालं ते तिथे जनावरांबरोबर राहणाऱ्या माणसांचीही काळजी घेतली म्हणून. सगळ्याच छावण्यांना ते सुचलं असतं तर किती बरं झालं असतं.

छावणीवर टीका पुष्कळ झाली. खोटी हजेरी, वजनात मार, बिलांचे घोळ. तपासण्याही झाल्या. टीकेतला बराच भाग खरा आहे. पण छावणी नसती तर दावणी मोकळ्या झाल्या असत्या, हेही तितकंच खरं. माझी तक्रार वेगळी आहे. १५ किलो उसावर जनावर जगतं, पण दुभतं राहत नाही. ते माजावर येत नाही, गाभण राहत नाही. मे महिन्यातली उपासमार दुधात दिसते ती पुढच्या वर्षी, वेत लांबल्यावर. अनुदान मृगाला थांबतं, तोटा दोन वर्षं चालू राहतो. तो कुठल्याही नुकसानीच्या यादीत येत नाही.

मग उपाय काय? तो छावणीच्या आधीच्या वर्षांत आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी दक्षिण नगर म्हणजे रब्बी ज्वारीचा मुलूख. मालदांडीचा गोड कडबा घरोघर, दोन-दोन वर्षं पुरेल अशा गंजी. बुचाडं रचायची कला असलेली माणसं गावात असायची. ती ज्वारी मागे पडत गेली. तिच्या जागी कांदा आला, तूर आणि कपाशी आली, श्रीगोंदा-कर्जतला लिंबाच्या बागा आल्या, पाणी दिसेल तिथे ऊस आला. ज्वारी म्हणजे हाताने उपटून काढायचं पीक, मजूर मिळेना, दाण्याला भाव नाही. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. पण गायी वाढल्या आणि कडबा घटला, हे एकाच काळात घडलं. राहुरी विद्यापीठाच्या फुले वसुधा, फुले रेवती या ज्वारीच्या वाणांत दाण्याबरोबर कडब्याचाही विचार आहे. फुले जयवंतसारखं संकरित नेपियर बांधाच्या कडेने थोड्या पाण्यावर येतं. मक्याचा दाणा चिकात असताना कापून, कुट्टी करून, पिशवीत हवा राहणार नाही असा दाबून मुरघास केला तर दीड महिन्यात तयार होतो आणि वर्षभर टिकतो. चांगल्या पावसाच्या वर्षी दहा गुंठे मका मुरघासाला काढून ठेवणं हा दुष्काळाचा खरा विमा आहे.

हे एकट्या गोठ्यापुरतं ठेवलं तर निम्मंच काम होतं. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने १९८९ पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने जे केलं त्यात पाणलोटाच्या बांधांइतकाच चराईबंदीचा वाटा आहे. डोंगरावर जनावर सोडायचं नाही, गवत कापून आणायचं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. पाऊस मोजायचा, गावाने बसून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. गवत वाढलं तसं गावाचं दूध दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास होतं ते काही हजार लिटरवर गेलं. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीतही पाणलोटाच्या कामाबरोबर चराईवर बंधन आलं. तिथे सुरुवातीला मेंढपाळांना आणि शेळ्या पाळणाऱ्यांना त्याची झळ बसते, हे विसरता येत नाही. ढवळपुरीकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, त्यांच्यासाठी चराईबंदी हा वेगळाच प्रश्न आहे, आणि गावाने त्यांना बैठकीत बसवल्याशिवाय तो सुटत नाही.

पाऊस पडला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पण गोठ्यातला सगळ्यांत धोक्याचा पंधरवडा तेव्हाच असतो. चार महिने खंगलेलं जनावर पहिल्या वळवात भिजतं, गारठतं, न्यूमोनिया होतो. छावणी सुटते आणि लोक ओल्या माळावर जनावरं सोडतात. कोवळं लुसलुशीत गवत रिकाम्या पोटी हावरटासारखं खाल्लं की पोट फुगतं, हगवण लागते. मेंढ्यांना आंत्रविषार होतो. ताणात राहिलेल्या ज्वारीच्या खोडव्याला पावसाने कोवळे फुटवे येतात, त्यांत सायनाइडचं विष असतं. त्यालाच आपल्याकडे किरळ लागणं म्हणतात, आणि डॉक्टर सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन घेऊन पोचेपर्यंत जनावर हाती लागेलच असं नसतं. म्हणून मृग बरसल्यावरही पंधरा दिवस सकाळी आधी कोरडा कडबा घालायचा, मगच तास-दोन तास चरायला सोडायचं, गुडघ्याएवढ्या ज्वारीत जनावर शिरू द्यायचं नाही, आणि लसीकरण पाऊस लागण्याआधी, छावणीत सगळी जनावरं एकत्र असतानाच उरकून घ्यायचं. मामींनी गंजीच्या तळाच्या साठ-सत्तर पेंढ्या एवढ्याचसाठी बाजूला बांधून ठेवल्या होत्या, आणि मे महिन्यात कितीही ओढ लागली तरी त्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता.